हुबळीचा नंबर

"साकु," असं म्हणून यांनी ताटावर आडवा हात धरला, आणि माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

साकु म्हणजे पुरे. कानडीतला अगदी साधा शब्द. माझ्या माहेरी, सदलग्याला, जेवायला बसलं की आम्ही भावंडं तो येताजाता म्हणायचो. पण लग्न होऊन मी जयसिंगपूरला आले त्याला अठरा वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात यांच्या तोंडून कानडीचा एक शब्द मी ऐकला नव्हता. उलट माझ्या तोंडून एखादा निसटला, तर "आली तुझी कुडकुड" म्हणून हसायचे. आई राहायला आली की मी तिच्याशी स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून बोलायची. आणि आता हे स्वतःच साकु म्हणत होते, तेही आमच्या हेलात, शेवट जरासा लांबवून.

"कुठं शिकलात?" मी विचारलं.

"हुबळीला कानावर पडतं," म्हणाले, आणि आमटी ओढून घेतली.

आमचे हे म्हणजे भूपाल मगदूम. उद्यमनगरात आमचं फवारणीच्या पंपांचं वर्कशॉप होतं. सुरुवात एका लेथवर झाली. पुढं पंपाला नाव मिळालं, तसं सीएच्या सल्ल्यानं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. कंपनीला दोन डायरेक्टर लागतात, म्हणून दुसरी मी. पेन्सिलीनं फुली मारलेली असायची, तिथं त्रिशला भूपाल मगदूम अशी सही करायची आणि कढईकडे परत जायचं, एवढीच माझी डायरेक्टरकी. मधे एकदा यांना कावीळ झाली होती. दोन महिने हे अंथरुणावर होते, तेव्हा वर्कशॉप मीच सांभाळलं. हे उठून हिंडूफिरू लागल्यावर मी पुन्हा घरात आले. कुणी जा म्हणालं नव्हतं आणि थांब असंही कुणी म्हणालं नव्हतं.

आमचा माल ब्याडगीच्या मिरचीवाल्यांना आवडायचा. तिकडचे व्यापारी स्वतः येऊन पंप घेऊन जायचे. तेव्हा यांच्या मनात आलं की हुबळीलाच आपला डेपो काढावा. पण ही गोष्ट जीएसटी यायच्या आधीची. प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा, त्याचा नंबर वेगळा. महाराष्ट्रातल्या कंपनीनं कर्नाटकात जाऊन दुकान मांडायचं तर तिथला नंबर काढावा लागायचा. तिथं जागा दाखवायची, तिथं कंपनीच्या वतीनं सही करणारा आणि जबाब देणारा माणूस दाखवायचा, मग अधिकारी जागा बघून जाणार, आणि मग नंबर. ही कामं करणारी एक सल्लागार यांना कुणीतरी सुचवली. गिरिजा हिरेमठ. कोप्पीकर रोडला तिचं ऑफिस होतं.

पहिल्या खेपेहून आले ते तिच्याचबद्दल बोलत. बाई असून काय हुशार आहे. प्रश्न विचारला की एका वाक्यात उत्तर देते. मराठीही चांगलं बोलते, आजोळ बेळगावचं. मी पापड भाजत ऐकत होते. दुसऱ्या खेपेलाही गिरिजाबाई असं म्हणाल्या, गिरिजाबाई तसं म्हणाल्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून मात्र ते नाव यांच्या तोंडून गेलंच. माझी मावशी म्हणायची, पुरुष एखाद्या बाईचं नाव घेतो तोवर झोपावं, घ्यायचा थांबला की उठून बसावं. मी उठून बसले.

नंबर काही मिळत नव्हता. उगादी गेली, अक्षय्य तृतीया गेली, मे संपत आला. दर आठवड्याला एक फेरी. निघताना शर्टाला स्वतः इस्त्री करायचे. मी करते म्हटलं तर, "राहू दे, तुझी कामं असतील." काम का होत नाही विचारलं, की म्हणायचे, सरकारी काम, लागतो वेळ. एकदा न्हाणीघरात पाण्याच्या आवाजाआडून पुटपुटणं ऐकू आलं. मी दाराला कान लावला. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. शाळेतल्या पोरासारखे आकडे घोकत होते.

त्या दाराशी उभं राहून माझ्या पोटात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. परक्या बाईला यांनी दागिना केला असता तर मी भांडले असते, रडले असते, भावाला बोलावलं असतं. पण ही माझी भाषा होती. अठरा वर्षं माझ्याकडे पडून होती, फुकट होती, आणि ती यांनी कुडकुड म्हणून टाकून दिली होती. तीच आता दुसरीकडून गोडीनं घेत होते.

मी एकदा दुपारी घरच्या फोनवरून तिच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडून शांत, जरा जाडसर आवाज आला, "हेळरी," म्हणजे सांगा. मी काही न बोलता ठेवून दिला. मग दिवसभर तो आवाज कानात घेऊन हिंडले. सांगा म्हणताना ती अशी बोलते, मग यांच्याशी कशी बोलत असेल. आरशात बघितलं. पदर नीट केला, पुन्हा विस्कटला. रात्री मुद्दाम कानडीत विचारलं, ताक हवंय का. यांनी मराठीत उत्तर दिलं.

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी मी सांगितलं, "मी पण येते हुबळीला."

"कशाला? उन्हाचं."

"डायरेक्टर आहे ना मी?"

मी हे हसत म्हटलं होतं. पण यांचा चेहरा असा उतरला, की माझी उरलीसुरली शंकाही फिटली. त्यांनी उन्हाचं कारण सांगितलं, मग गर्दीचं, मग मुलांच्या जेवणाचं. मुलं मोठी होती, आणि मी डबा आधीच जाऊबाईंना सांगून ठेवला होता.

मिरजेहून गाडीत बसलो. बेळगाव मागं पडेपर्यंत हे खिडकीतून बाहेर बघत होते. धारवाड आलं तसे माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथं फार बोलू नकोस हं. कामाची माणसं असतात." मी मान हलवली. मनात म्हटलं, बोलणारच नाही. नुसती बघणार आहे.

बघितली. माझ्याच वयाची होती. सावळी, उभ्या बांध्याची, कानात मोत्याच्या कुड्या. केस कानशिलाशी पांढरे झालेले आणि ते लपवायची काही खटपट केलेली नव्हती. सुंदर म्हणावी अशी नव्हती, आणि त्यामुळं मला जास्तच राग आला. सुंदर असती तर निदान यांना दोष देता आला असता. ती खुर्चीत अशी बसली होती, की त्या खुर्चीवरून तिला कुणी कधी उठवलं नसावं. कोपऱ्यात तिचे वडील वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पूर्वी हे काम ते करायचे, आता मुलीकडं सोपवून नुसते येऊन बसत.

"बर्री, कूडरी," ती मला म्हणाली, आणि लगेच मराठीत, "या वहिनी, बसा."

यांना काही झेरॉक्स कमी पडल्या म्हणून खाली जावं लागलं. जिन्यापर्यंत जाऊन मागं वळून बघितलं, मग गेले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. तिनं वडिलांना पाणी दिलं आणि सहज, मला काही कळणार नाही असं समजून मोकळ्या आवाजात, कानडीत सांगायला लागली.

"अप्पा, ही मगदूमांची बायको. कंपनीत दुसरी डायरेक्टर हीच."

"गप्प आहे बिचारी," म्हातारे म्हणाले.

"कानडी येत नाही तिला. पहिल्या दिवशी मी म्हटलंच होतं, दुसऱ्या डायरेक्टरला कानडी येत असेल तर तिच्या नावानं करू, जबाब एका फेरीत होईल. तर म्हणाले, तिला एक अक्षर येत नाही. माणूस नेमा म्हटलं, तेही नको. मीच शिकतो म्हणाले. आणि त्या दिवशी विक्रीकराच्या साहेबांसमोर काय केलं? प्रत्येक प्रश्नाला हौदु, नुसतं हो-हो. माल आधीच आणून विकताय का, हौदु. फाईल तिथंच बसली."

म्हातारे हसले. मी हसले नाही. माझ्या कानात एकच वाक्य राहिलं होतं. तिला एक अक्षर येत नाही.

मला वाटलं, आता सगळं उघड झालं. मला इथं आणायचं नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी माझं तोंड बांधून टाकलं. मी कॅलेंडरवरची नजर काढली आणि कानडीत म्हणाले, "माझं माहेर सदलगा आहे. मी सातवीपर्यंत कानडी शाळेत शिकले."

तिच्या हातातलं पेन थांबलं. म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. गिरिजानं विचारलं, शाळा कुठली, शेत कुठं, दूधगंगेला अजून पूर येतो का. मी उत्तरं दिली. किती वर्षांनी मी कुणाशी एवढ्या मोठ्या आवाजात कानडी बोलत होते. राग होताच, पण जीभ सुटली होती, आणि ते बरं वाटत होतं हे काही खोटं नाही.

हे वर आले तेव्हा आम्ही दोघी बोलत होतो. दारातच उभे राहिले. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी त्या दिवशी बघितलं. फक्त चोरी कसली, ते मी चुकीचं समजले.

"मगदूमसाहेब," गिरिजा मराठीत म्हणाली, "तुमचं काम सोपं झालं. वहिनींच्या नावानं कागद करू." आवाज शांत होता, पण तिनं त्यांना बसा म्हटलं नाही.

कागद माझ्या नावानं झाले. कर्नाटकात कंपनीच्या वतीनं बोलायचा, सही करायचा अधिकार मला. यांनी जिथं सही करायची तिथं केली. परतीच्या गाडीत मी विचारलं, "मला कानडी येत नाही असं का सांगितलंत?" म्हणाले, "तुला कशाला त्रास." मी पुढं विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात हे पुन्हा एकटेच जाऊन आले. कागद द्यायचे होते म्हणाले. घरी आल्यावर कुणाशी बोलले नाहीत, जेवणही अर्धं टाकलं. मी मनाशी म्हटलं, दोघांचं बिनसलं असेल. वाईट वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, बिनसायला आधी काहीतरी असावं लागतं.

पाऊस लागल्यावर अधिकारी जागा बघायला येणार असा निरोप आला. गोकुळ रोडला एक गोडाऊन भाड्यानं घेतलं होतं. नवा रंग दिलेला, एक टेबल, दोन खुर्च्या, कंपनीच्या नावाची पाटी कानडीत. आम्ही दोघं आदल्या दिवशीच माझ्या मावसबहिणीकडं उतरलो होतो. सकाळी गिरिजाही आली. अधिकारी तरुण होता, बोलायला सरळ. माझ्यासमोर बसला आणि एकेक विचारत गेला. माल कुठून येणार, कुठल्या वाहनानं, कुणाला विकणार, बिलं कुठं ठेवणार. काविळीच्या दोन महिन्यांत शिकलेलं मला उपयोगी पडत होतं. जे येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगितलं, त्यानं तेही लिहून घेतलं.

हे आणि गिरिजा शटरपाशी उभे होते. मधेच मी मान वर केली. ती यांच्याकडे जरा झुकून हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आणि हे मान खाली घालून ऐकत होते. एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तशी बोलत होती. माझ्या नवऱ्याशी मी तशी कधी बोलले नव्हते. हे कधी माझ्यापुढं तशी मान घालून उभे राहिले नव्हते.

तेवढ्यात अधिकाऱ्यानं विचारलं, "मालकरु यारु?" म्हणजे मालक कोण.

खरं उत्तर सोपं होतं. आम्ही दोघं. कागदावरही तेच होतं. पण मी त्या दोघांकडे बघत म्हणाले, "नानु."

मी. नानु म्हणजे मी. आकडे घोकणाऱ्या माणसाला एवढा शब्द येत असणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो जरा मोठ्यानं म्हटला. यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि मग बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, लागलं ना? लागू दे.

अधिकारी गेला. यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. "छान बोललीस," म्हणाले. मी बाटली घेतली.

नंबर आला तेव्हा कागद आणायला चला म्हटलं, तर म्हणाले, "तू जा. आता तुझंच काम आहे ते." मी पहिल्यांदाच एकटी हुबळीला गेले. गाडीत ठरवलं होतं, आज विचारायचंच. गिरिजानं कागद माझ्यापुढं ठेवला, अभिनंदन म्हणाली. मी कागदाला हात लावला नाही.

"तुमचं आणि यांचं काय आहे?"

म्हातारे त्या दिवशी आले नव्हते. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. उठली, दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"अक्का, तुम्ही चार महिने हे मनात ठेवून होतात?"

मी मान हलवली.

"तुम्ही येऊन गेलात त्यानंतर ते एकटे आले होते," ती म्हणाली. "मी खूप बोलले त्यांना. म्हटलं, खोटं सांगून माझे इतके महिने घालवलेत, ऑफिसात माझं हसं झालं. वाटलं, उठून जातील. तर तिथंच बसून राहिले. मग म्हणाले, 'माझ्या काविळीत तिनं वर्कशॉप चालवलं. मी परत गेलो, तर सगळं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं. कारागीर विचारायला लागले, वहिनी आता येणार नाहीत का. त्या दिवसापासून मी तिला तिथं फिरकू दिलं नाही, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. आता ही हुबळी, इथली भाषाही तिची. तिला इथं एकदा उभी केली, की मी कुठं उभा राहू?'"

गिरिजानं खिडकी लोटली. बाहेर रिक्षा वाजत होत्या.

"मी म्हटलं, हे वहिनींना सांगा. तर म्हणाले, तिला कसं सांगू. तिच्यापुढंच तर मला..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. "त्या दिवशी शटरपाशी मी तेच सांगत होते. की सोडा आता, बायको आहे ती तुमची. आणि तेवढ्यात तुम्ही नानु म्हणालात."

मला एका बाईवरून यांना दुखवायचं होतं. लागलं ते भलत्याच जागी, नेमकं तिथं, जिथं हे इतकी वर्षं हात धरून बसले होते.

"रडले का?" मी विचारलं.

"नाही. पाणी मागितलं."

घरी आले. हे अंगणात मोटारसायकल पुसत होते. नंबरचा कागद दाखवला, दोन्ही बाजूंनी बघून म्हणाले, फ्रेम करून गोडाऊनमध्ये लाव. मला कितीदा वाटलं, सांगावं. तुम्ही उभे राहा की माझ्या शेजारी, जागा आहे. पण तसं म्हटलं तर गिरिजानं मला सांगितलं हे त्यांना कळलं असतं, आणि मग त्यांना तिच्याकडंही बोलता आलं नसतं. जेवताना मी कानडीत काही बोलायचं थांबवलं. त्यांनीही.

हुबळीचा डेपो चालला. मग दावणगेरे, मग रायचूर. आठवड्यातले निम्मे दिवस मी तिकडं असायची. यांनी जयसिंगपूर सांभाळलं, आणि चांगलं सांभाळलं. पाहुण्यांना सांगायचे, कर्नाटक आमच्या हिच्याकडं आहे. सांगताना हसायचे. त्या हसण्यात काय होतं ते ओळखणारी मी एकटीच नव्हते, एवढं मला ठाऊक होतं.

हे जाऊन आता सहा वर्षं झाली. गिरिजा तेव्हा धावत आली होती, तेराव्यापर्यंत राहिली. आता आमची बहिणींसारखी ये-जा आहे. तिच्या वडिलांनंतर तीही एकटीच. दुपारी जेवून आम्ही तिच्या गॅलरीत बसतो. गप्पा संपल्या की मी तिला म्हणते, "त्या दिवशी काय म्हणाले होते, सांग ना."

ती सांगते. पहिल्यापासून, मी न चुकता विचारते म्हणून न चुकता. कुठल्या खुर्चीत बसले होते, शर्ट कुठला होता, पाणी किती प्यायले. आणि ते वाक्य आलं, तिला कसं सांगू, तिच्यापुढंच तर मला, की ती दर वेळी तिथंच थांबते.

"पुढं काय म्हणाले?"

"पुढं काही नाही, अक्का. एवढंच."

ती खोटं बोलणारी बाई नाही. तरी मी तिच्या तोंडाकडे बघत राहते. माझ्या नवऱ्याचं ते अर्धं वाक्य तिच्याकडं आहे, आणि ते ती मला देत नाही असंच मला वाटत राहतं.